बोटीवरची पाण्याची नळी : निवड आणि निगा



बोट समुद्रात जायला निघाली की तांडेल काय काय पाहतो? जाळी पाहतो, इंजिन पाहतो, डिझेल पाहतो, बर्फ पुरेसा घेतला की नाही ते पाहतो. पाणीही पाहतो. "टाकी भरली का रे?" म्हणून विचारतो, आणि "भरली" असे उत्तर आले की पुढच्या कामाला लागतो. पण ती टाकी कशाने भरली, हे सहसा कोणी विचारीत नाही. धक्क्यावरच्या नळापासून बोटीतल्या टाकीपर्यंत पाणी ज्या नळीतून आले, ती नळी रात्रभर कोठे पडली होती, काल तिने काय धुतले, तिच्या पोटात काय साचले आहे, याची चौकशी फारशी होत नाही. आज त्या नळीविषयीच थोडे बोलू.

आपण पाणी पितो तो तांब्या घरात कसा ठेवतो? घासून, विसळून, पालथा घालून. त्याच तांब्याने कोणी मोरी धुवायला लागले तर घरातली म्हातारी माणसे चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नाहीत. मग ज्या नळीतून आठ-दहा माणसांचे आठ-दहा दिवसांचे पाणी येते, तिला वेगळा न्याय का? पिण्याच्या पाण्याची नळी म्हणजे लांब झालेला तांब्याच होय. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, की कोणती नळी घ्यावी आणि ती कशी ठेवावी, हे पुढे आपोआप सुचत जाते.

नळीच्या पोटात काय असते?

प्रथम थोडा हिशेब करू. शिक्षक मित्रांना तो वर्गात फळ्यावर मांडता येईल. अर्धा इंच, म्हणजे सुमारे साडेबारा मिलिमीटर, आतला व्यास असलेल्या नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे १२३ मिलिलिटर पाणी मावते. पंधरा मीटर नळीत झाले सुमारे १.८ लिटर. नळी पाऊण इंची असेल तर तेवढ्याच लांबीत सव्वाचार लिटर मावते, आणि एक इंची असेल तर जवळजवळ साडेसात लिटर.

आता पाणी भरून झाले, नळ बंद केला, आणि नळी होती तशी वेटोळे करून एका कोपऱ्यात टाकून दिली. तिच्या पोटातले बरेचसे पाणी वेटोळ्याच्या खालच्या भागात तसेच राहते. वर ऊन तापते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन हळूहळू नाहीसा होतो. कोमट, साचलेले पाणी म्हणजे जंतूंना आयते घर. थोड्याच दिवसांत नळीच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते ना, तसाच हा प्रकार. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही नळ सोडता, आणि हा सगळा ऐवज पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर टाकीत जातो.

ही झाली आतली घाण. बाहेरची तर विचारूच नका. नळीचे तोंड धक्क्यावर पडते. तेथे मासळीचे पाणी असते, डिझेलचे थेंब असतात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला असतात. कधी तोंड घसरून बंदराच्या पाण्यातच बुडते. मग कोणीतरी ते ओढून काढतो, दोनदा झटकतो आणि टाकीत सोडतो.

जमिनीवर पोट बिघडले तर गावात डॉक्टर असतो, प्राथमिक आरोग्य केंद्र असते. समुद्रात किनारा कित्येक तासांच्या अंतरावर असतो. शिवाय एकाच टाकीचे पाणी सगळे पितात. त्यामुळे आज एकाला जुलाब सुरू झाले तर उद्या चौघांना होण्याची भीती असते. जुलाबाने अंगातले पाणी आणि क्षार भराभर निघून जातात, उन्हात राबणाऱ्या माणसाला तर ते लवकरच सोसेनासे होते. अशा वेळी जाळे ओढायला माणसे राहत नाहीत, डिझेल आणि बर्फाचा खर्च अंगावर पडतो, आणि फेरी अर्धी टाकून परतावे लागते. ती वेळ परतण्यावर निभावली तर नशीबच म्हणायचे. म्हणून प्रत्येक बोटीवर जलसंजीवनीची पाकिटे असावीतच. पण ती वापरण्याची पाळी येऊ नये हे अधिक चांगले.

मोठ्या जहाजांवर या गोष्टीची फार काळजी घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली जहाजांवरील स्वच्छतेविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची तिसरी आवृत्ती २०११ साली निघाली. पिण्याच्या पाण्याची नळी फक्त त्याच कामासाठी वापरावी, तिच्यावर तशी खूण असावी, वापरानंतर ती रिकामी करावी, दोन्ही टोकांना टोपणे लावावीत आणि ती जमिनीपासून उंच अशा बंद कप्प्यात ठेवावी, असे तिच्यात सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मासेमारीच्या कामाविषयी २००७ साली जो करार केला, क्रमांक १८८चा, त्यातही बोटीवर पुरेसे आणि पिण्यायोग्य पाणी असले पाहिजे असे म्हटले आहे. मोठ्या जहाजाचा नियम लहान बोटीला कशाला, असे कोणी म्हणेल. पण जंतू काही बोटीची लांबी मोजून येत नाहीत.

कोणती नळी घ्यावी?

बोटीवर जागा थोडी. जाळी, दोर, बोये, खोकी, चूल, अंथरुणे या सगळ्यांतून उरेल त्या जागेत नळी बसली पाहिजे. म्हणून आटोपशीर नळी हवी, हे खरे. बाजारात अशा नळ्या चार प्रकारच्या मिळतात.

पहिली म्हणजे साधी जाळीदार नळी. दोन थरांच्या मध्ये धाग्याची जाळी असते, त्यामुळे ती दाबाने फुगत नाही. ही मजबूत खरी, पण जागा बरीच घेते, आणि थंडीच्या दिवसांत ताठ होते.

दुसरी चपटी नळी. पाणी सोडले की गोल होते, पाणी गेले की पट्ट्यासारखी चपटी पडते. शेतकरी बांधवांना ही ओळखीची आहे. पंपाच्या पाण्यासाठी शेतात जो लपेटा पाइप वापरतात त्याचीच ही लहान बहीण. पंधरा मीटरची गुंडाळी एका लहान पाटीत मावते. गुंडाळताना पाणीही आपोआप पिळून निघते, हा हिचा मोठा गुण. दोष दोन. पाणी सोडण्यापूर्वी ही सगळीच्या सगळी उलगडावी लागते. अर्धी गुंडाळी ठेवून नळ सोडला तर पाणी पुढे सरकत नाही. आणि बोटीच्या काठावर तीव्र कोन झाला की तेथे मुरड पडून प्रवाह अडतो. काठाखाली गोणपाटाची जाड घडी किंवा अर्धगोल लाकूड ठेवले तर हा त्रास टळतो. मात्र एक लक्षात ठेवा: शेतातला लपेटा पाइप स्वस्त मिळतो म्हणून तोच पिण्याच्या पाण्याला लावू नका. तो त्या कामासाठी केलेला नसतो.

तिसरी स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची नळी. ही ओढली की लांबते, सोडली की आपली आपण गोळा होते. दिसायला मोठी सोयीची. पण हिचे भोक बारीक असते, टाकी भरायला फार वेळ लागतो, आणि वेटोळ्यांत वेटोळी अडकली की सोडवता सोडवता जीव मेटाकुटीला येतो. शिवाय प्रत्येक वेटोळ्याच्या तळाशी थोडे थोडे पाणी राहते. पिण्याच्या पाण्याला ही नळी गैरसोयीचीच.

चौथी आखडती नळी. आत रबरासारखी पातळ नळी आणि बाहेरून कापडाची खोळ. पाण्याच्या दाबाने ही दुप्पट-तिप्पट लांबते, पाणी गेले की आखडते आणि मूठभर होते. जागेच्या दृष्टीने हिच्यासारखी दुसरी नाही. पण नळाला दाब नसेल तर ही लांबतच नाही. आणि आपल्या कितीतरी बंदरांवर नळाचा दाब कसा असतो ते तुम्ही जाणताच. उन्हाने आणि घासण्याने आतली पातळ नळी फुटते. कापड ओले राहते, त्याला वास येतो. यांतल्या बहुतेक नळ्या बागेला पाणी घालण्यासाठी केलेल्या असतात.

तेव्हा लहान आणि मध्यम बोटीला पिण्याच्या पाण्यासाठी चपटी नळी किंवा साधी जाळीदार नळी, यांतलीच एक घ्यावी. जागा अगदीच कमी असेल तर चपटी. धक्क्याचा काठ खडबडीत असेल आणि घासाघीस जास्त होत असेल तर जाळीदार. दुकानदाराकडे वस्तू पुष्कळ असतात. आपण एकच प्रश्न मनाशी धरावा, की ही नळी पूर्ण रिकामी करता येईल का? जी रिकामी होत नाही ती स्वच्छ राहत नाही.

नळी कशाची केली आहे?

मऊ नळ्या बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक मूळचे कडक. ते मऊ करण्यासाठी त्यात काही द्रव्ये मिसळतात, आणि ऊन व उष्णता लागली की ती द्रव्ये थोडी थोडी पाण्यात उतरतात. नव्या नळीतले पाणी प्यायल्यावर प्लॅस्टिकचा वास येतो तो यामुळेच. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी खास केलेली नळीच मागावी. खाद्यपदार्थांशी संबंध येऊ शकेल अशा वस्तूवर पेला आणि काटा यांचे छोटे चित्र असते. अन्न, औषधे आणि पिण्याचे पाणी यांच्या संपर्कात येणाऱ्या पीव्हीसीसाठी आपल्याकडे आयएस १०१५१ हे भारतीय मानकही आहे. नळीवर किंवा तिच्या वेष्टनावर असा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि तोंडी भरवशावर जाऊ नका.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. नळी विसळून तिच्यात स्वच्छ पाणी भरा, दोन्ही तोंडे बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी पेल्यात काढून वास घ्या. उग्र वास आला तर ती नळी पिण्याच्या कामाची नाही. परंतु वास आला नाही म्हणजे नळी निर्धोक ठरली, असे मात्र समजू नका. काही अपायकारक द्रव्यांना वासही नसतो आणि चवही नसते. म्हणून आधी खूण पाहावी, मग वास.

रंगाविषयी दोन शब्द. पारदर्शक नळी पाहायला छान, आतली घाण दिसते. पण तिच्यातून उजेड आत जातो, आणि उजेड मिळाला की शेवाळ धरते. बोटीवर अपारदर्शक नळी बरी.

जोडांकडे नीट लक्ष द्या. समुद्राच्या हवेत लोखंडी क्लिपा गंजतात हे तुम्हाला सांगायला नको. स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा आणि चांगल्या पितळेचे किंवा जाड प्लॅस्टिकचे जोड घ्यावेत. पितळी नळाला ॲल्युमिनियमचा जोड लावू नये. दोन निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की त्यांतला एक झिजू लागतो. या जोडीत ॲल्युमिनियम झिजते, आणि काही महिन्यांत त्याचे आटे खाल्ले जाऊन जोड अडकून बसतो. दोन-चार जास्तीचे रबरी वॉशर डबीत घालून ठेवावेत. पैशा-दोन पैशांच्या वॉशरवाचून टाकी भरायची राहू नये.

लांबी किती, जाडी किती?

लांबी अंदाजाने घेऊ नका. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला तो कमी होत जातो. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीने उभी असते, ओहोटीला खोल खाली जाते. म्हणून उधाणाच्या दिवशी पुऱ्या ओहोटीला एक दोर घ्या. त्याचे एक टोक नळाला धरा, दुसरे टाकीच्या तोंडापर्यंत न्या, आणि तो दोर मोजा. समजा, नळापासून धक्क्याच्या काठापर्यंत सहा मीटर, तेथून खाली बोटीच्या काठापर्यंत चार मीटर, आणि पुढे टाकीपर्यंत तीन मीटर, असे तेरा मीटर भरले. बोट हलते, म्हणून दोन मीटर ढील धरा. पंधरा मीटर नळी पुरे. उगाच तीस मीटर घेतली तर जागा दुप्पट, वजन दुप्पट, आणि आत राहणारे शिळे पाणीही दुप्पट.

जाडी किती हवी, हे पाण्याच्या गरजेवर ठरते. आठ माणसे, दहा दिवस, आणि पिणे व स्वयंपाक मिळून माणशी रोज दहा लिटर धरले तर आठशे लिटर पाणी लागेल. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. पंधरा लिटरची बादली अर्धा इंची नळीतून एका मिनिटात भरत असेल तर आठशे लिटरला सुमारे त्रेपन्न मिनिटे लागतील. पाऊण इंची नळीचे तोंड अर्धा इंचीच्या सव्वादोन पटींहून थोडे मोठे असते, आणि तिच्यात पाण्याला घर्षणही कमी होते. नळाला भरपूर पाणी असेल तर तेच काम निम्म्याहून कमी वेळात होईल. पण नळच बारीक धारेने वाहत असेल, तर मोठी नळी जास्त पाणी कोठून आणणार? आधी नळ पाहावा, मग नळी घ्यावी.

भरताना काय पाळावे?

नळ सोडण्यापूर्वी त्याचे तोंड स्वच्छ पुसा. मग नळी जोडून एक मिनिटभर पाणी बाहेर वाहू द्या. पंधरा मीटरच्या अर्धा इंची नळीत पावणेदोन-दोन लिटर शिळे पाणी असते, हे आपण पाहिलेच. ते एका मिनिटात निघून जाते आणि नळी आतून विसळलीही जाते. पाणी वाया गेले असे वाटू नये म्हणून ते बादलीत धरा आणि बोटीचा कठडा धुवायला वापरा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. नळीचे टोक टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाण्याच्या पातळीपासून ते निदान चार बोटे वर राहिले पाहिजे. याचे कारण असे, की नळाचा पुरवठा एकाएकी बंद झाला आणि वाहिनीतले पाणी सखल भागाकडे उतरू लागले, की नळी उलटी ओढू लागते. टोक पाण्यात बुडालेले असेल तर टाकीतले पाणी गावाच्या वाहिनीत जाते. टोक बादलीत असेल तर बादलीतले, आणि बंदराच्या पाण्यात असेल तर बंदरातले. हे नुसते पुस्तकी भय नाही. १९३३ साली अमेरिकेत शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले असताना हॉटेलांतील सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. आमांशाची साथ पसरली आणि नव्वदांहून अधिक माणसे दगावली. मोठ्या शहरात, नामांकित हॉटेलांत जे घडले ते आपल्या धक्क्यावर घडायला कितीसा वेळ?

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. टेबलावर हळद घातलेल्या पाण्याचे एक भांडे ठेवा, खाली जमिनीवर दुसरे रिकामे भांडे ठेवा. रबरी नळी पाण्याने पूर्ण भरून, तोंडांवर बोटे दाबून, तिचे एक टोक वरच्या भांड्यात बुडवा आणि दुसरे खालच्यात सोडा. बोटे काढली की पिवळे पाणी भांड्याचा काठ चढून खाली वाहू लागेल. आता वरचे टोक पाण्यातून चार बोटे वर उचला. हवा आत शिरते आणि ओढ तुटते. तेवढी चार बोटे हवा म्हणजेच आपला पहारेकरी. मुलांनी हे एकदा पाहिले की ती घरी जाऊन बापाला सांगतील, आणि मुलाचे सांगणे बाप पुष्कळदा ऐकतो.

नळी कशी ठेवावी?

खरी कसोटी येथेच आहे. चांगली नळी घेणे हे एका दिवसाचे काम. ती चांगली ठेवणे हे रोजचे.

पाणी भरून झाले की नळ बंद करा आणि नळी सोडवा. जाळीदार नळी असेल तर एक टोक उंच धरून, ती खांद्यावरून हातहात पुढे सरकवीत दुसऱ्या टोकापर्यंत न्या. सगळे पाणी उताराने निघून जाते. चपटी नळी असेल तर एका टोकापासून घट्ट गुंडाळत जा आणि दुसरे टोक मोकळे ठेवा. पाणी आणि हवा पुढे ढकलली जातात.

गुंडाळण्याची कला तुम्हा दर्यावर्दी मंडळींना मी काय शिकवणार? दोराला पीळ बसू नये म्हणून तुम्ही जसा एक फेर वरून आणि एक खालून घेता, तसाच नळीलाही घ्यावा. किंवा मराठी चारच्या आकड्यासारखी मध्ये फुली पाडून गुंडाळावी, म्हणजे उलगडताना गाठी पडत नाहीत. वेटोळे हातभर रुंद ठेवावे. फार लहान केले तर मुरड पडते, आणि एकदा मुरड पडली की नळी पुन्हा पुन्हा तेथेच दुमडते आणि शेवटी तेथेच चिरते. खिळ्याला टांगू नका. सगळे वजन एका ठिकाणी येऊन नळी चेपते. जुन्या सायकलची रिम भिंतीला ठोकली तर तिच्यावर वेटोळे छान बसते.

मग दोन्ही तोंडांना टोपणे लावा. टोपणे हरवली असतील तर नळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाका. झुरळे, घाण, मासळीचे पाणी आत जायला वाट राहत नाही. टोपणे दोरीने नळीलाच बांधून ठेवली तर ती हरवायचीच नाहीत.

आता जागा. इंजिनाजवळ नको. डिझेलचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि पाण्याला लागतो. डिझेल सांडले तर नळी खराब होते. मासळीच्या कप्प्यात नको. बोटीच्या तळाशी घाण पाणी साचते, तेथे तर मुळीच नको. टपावर उघड्या उन्हातही नको. उन्हाने पीव्हीसी कडक होते आणि तडकते. झाकणाचा एक खोका घ्या, तळाला भोके पाडा म्हणजे उरलेसुरले पाणी निथळेल, आणि तो बोटीच्या फळ्यांपासून वीतभर उंच, सावलीत बसवा. एवढीही जागा नसेल तर जाड कापडाची पिशवी शिवून केबिनच्या छताखाली अडकवा. ही पिशवी घरची बाई एका दुपारी शिवून देईल. पिशवीत नळीखेरीज दुसरे काही ठेवायचे नाही. उंदीर असतील तर मात्र खोकाच बरा.

जाळी, फळ्या आणि मासळीची खोकी धुण्यासाठी दुसरी नळी वेगळी ठेवा. दोन्हींच्या टोकांना निरनिराळ्या रंगांचे पट्टे मारा. पिण्याच्या नळीला निळा, धुण्याच्या नळीला लाल. याहून चांगली युक्ती म्हणजे दोन्ही नळ्यांचे जोड वेगळ्या मापाचे घेणे. मग घाईत, अंधारात, नव्या खलाशाच्या हातूनही धुण्याची नळी टाकीला बसणारच नाही.

पावसाळ्याची बेगमी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत नळी बोटीवर ठेवू नका. ती घरी आणा, धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, टोपणे लावा आणि माळ्यावर ठेवा.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा पाणी भरण्यापूर्वी, आणि पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी, तिचे निर्जंतुकीकरण करा. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर यासाठी चालते. दहा लिटर पाण्यात चार ग्रॅम ताजी पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी घ्या. नळीची दोन्ही टोके उंच बांधून नरसाळ्याने ते पाणी आत काठोकाठ भरा आणि तासभर राहू द्या. मग ओतून टाका आणि उग्र वास जाईपर्यंत नळाचे स्वच्छ पाणी वाहू द्या. पावडर नेहमी झाकून, कोरडी ठेवा. उघडी राहिली की तिचे बळ जाते. आणि तिच्यात संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

इतके करूनही नळीचा वास जात नसेल, आत काळे डाग दिसत असतील, किंवा अंगावर बारीक चिरा पडल्या असतील, तर तिला पिण्याच्या कामातून मोकळे करा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठिगळ लावीत बसू नका. निळा पट्टा काढून लाल मारा आणि तिला खोकी धुवायला लावा.

जेथे धक्का नाही, आणि पाणी कॅनमध्ये भरून होडीतून बोटीवर न्यावे लागते, तेथेही हाच न्याय. कॅन डिझेलचा नसावा, झाकण घट्ट असावे, आणि कॅनमधून टाकीत पाणी सोडणारी हातभर नळीसुद्धा वेगळी, स्वच्छ आणि झाकलेली असावी. लहान नळी म्हणून तिची हयगय नको.

पुढच्या फेरीला निघताना तांडेलाने "टाकी भरली का रे?" या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: "नळी रिकामी करून, टोपणे लावून जागेवर ठेवली का?" होय असे उत्तर आले म्हणजे मगच नांगर उचलावा.